जवसाच्या तेलाची फडकी

रायफल मी निव्वळ हौसेने घेतली. शाळेत एनसीसीत असताना माझा नेम बरा होता, आणि तेव्हा अख्ख्या सोसायटीत "आमची पोरगी बंदूक चालवते बरं का" असं सांगत फिरणारे बाबाच होते. सिडनीत स्थिरस्थावर झाल्यावर शूटिंग क्लबात नाव घातलं, लायसन्स काढलं आणि दुसऱ्या महायुद्धातली, सैन्याने मोडीत काढलेली एक थ्री-नॉट-थ्री घरी आणली. लोखंड ठणठणीत होतं. लाकडाची मात्र पार रया गेली होती. दस्त्यावर जुन्या ग्रीसचा काळा थर, आणि ठिकठिकाणी पोचे. मी लाकूड सुटं केलं, नळी आणि बोल्ट कायद्याप्रमाणे तिजोरीत कुलूपबंद केले आणि दस्ता गॅरेजमधल्या बाकावर घेतला.

त्याच सुमारास बाबा पुण्याहून सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात माझ्याकडे राहायला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरी दिवसभर एकटे असायचे, म्हणून दस्त्याच्या कामात मी त्यांना ओढलं. पोच्यावर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेलं लाकूड वर येतं. ते बघून बाबा लहान मुलासारखे खूश झाले. "अगं, पुरीसारखं फुगतंय की!"

मी चिडकी आहे. उगाच कशाला लपवू? बाबांनी सॅंडपेपर लाकडाच्या रेषांना आडवा घासला, तेव्हा मी असा काही आवाज चढवला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. त्यांच्या फोडणीने पॅसेजमधला स्मोक अलार्म कोकलला, तेव्हाही मी ओरडले, "हज्जारदा सांगितलंय, आधी पंखा लावा!" मग बाबा खुर्चीवर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालायला शिकले. इथल्या आपल्या सगळ्याच घरांत हे चालतं. आधी बाबा मला उलट उत्तर द्यायचे, "तुझी आईसुद्धा इतकी बोलली नाही मला." नंतर नुसतं "बरं" म्हणायला लागले. आणि पुढे पुढे तर काही विचारायचेच बंद झाले. मला वाटलं, चला, रुळले एकदाचे.

लाकूड स्वच्छ झाल्यावर तेल द्यायचं होतं. जवसाचं तेल, उकळलेलं. डबा बघून बाबा म्हणाले, "जवस? चटणीचं?" मी मान हलवली. ऑफिसला जायच्या आधी घाईघाईत तेलाचा पहिला हात दिला. बाबांनी जुनी धोतरं फाडून नीट चौकोनी फडकी करून ठेवली होती, त्यातली पाच-सहा वापरली आणि मागच्या कुंपणावर एकेक सुटी वाळत घातली. निघताना ओरडून सांगितलं, "त्या फडक्यांना हात लावू नका!"

का लावायचा नाही, ते सांगितलं नाही. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने मला बजावून सांगितलं होतं की हे तेल वाळताना तापतं. फडकं पसरून ठेवलं तर ऊब निघून जाते. बोळा करून कोंबलं तर ती आतच साठते आणि फडकं काडी न लावता पेट घेतं. दोन वाक्यांचं काम होतं. ओरडायला मला वेळ होता, दोन वाक्यं बोलायला नव्हता.

त्या दिवशी उन्हाचा नुसता भडका होता. दुपारी उशिरा मिळालेल्या जेवायच्या सुट्टीत पॅरामॅटातल्या ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तर झाडं वाऱ्याने वाकत होती. फडकी उडाली तर बाबा ती गोळा करून ठेवतील, हे तेव्हा लक्षात आलं. घरी फोन लावला.

"बाबा, कुंपणावरची फडकी उडाली का हो?"

"नाही. आहेत."

"कुठे आहेत?"

"आहेत गं जागेवर. मी कशाला हात लावतोय?"

फार पटकन म्हणाले. आणि तेवढ्यात फोनमधून मागे अलार्म ऐकू आला.

"तो का वाजतोय?"

"फोडणी केली जरा."

"अडीच वाजता कसली फोडणी? बाबा, खरं सांगा, फडकी कुठे आहेत?" माझा आवाज चढला होता, मला कळत होतं, पण आवरेना. "आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा! ऐकू येतंय का?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मॅनेजरला काय सांगितलं आठवत नाही. गाडीतून ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करून पत्ता दिला, घरात माझे वडील एकटे आहेत म्हणाले, आणि मग प्रत्येक सिग्नलला घरी फोन लावत राहिले. नुसती रिंग जात होती. माझ्या डोळ्यांसमोर ते खुर्चीवर चढलेले दिसत होते. देवा, बाहेर पडलेले असू देत, एवढंच तोंडाने चाललं होतं.

दार उघडलं आणि उदबत्तीचा भपकारा आला. एक-दोन नव्हे, अख्खा पुडा पेटवला असावा. त्याखाली करपलेल्या तेलाचा वास. अलार्म किंचाळत होता, आणि बाबा खुर्चीवर उभे राहून, घामाने थबथबून, टॉवेलने त्याला वारा घालत होते.

"कुठे आहेत?"

त्यांनी लॉन्ड्रीकडे बोट केलं. सिंकखालच्या कपाटातून काळा धूर येत होता. फडक्यांच्या व्यवस्थित घड्या घालून, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या. चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही, हा आमच्या घरचा नियमच. मी ती पिशवी बादलीत ओढून घेतली आणि मागच्या दाराने सिमेंटवर फेकली. पिशवी फाटली, हवा लागली, आणि भप्पकन हातभर ज्वाळा उठली. होजपाइपचा नळ सोडला. कपाटाचं दार आतून कोळसा झालं होतं. आणखी दहा मिनिटं, आणि मग मला पुढचा विचार करवेना.

बंब आला. त्यांनी कपाट तपासलं, भिंत तपासली, सगळं ठीक आहे म्हणाले. त्यांच्यातली एक उंच बाई बाबांपाशी गुडघ्यावर बसली आणि हळू आवाजात विचारू लागली, धूर दिसल्यावर तुम्ही बाहेर का नाही गेलात? फोन का नाही उचललात?

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, इंग्रजी त्यांचं स्वच्छ आहे.

"आय थॉट, इफ आय क्लीन एव्हरीथिंग बिफोर शी कम्स, शी विल नॉट शाउट."

ती बाई माझ्याकडे वळली नाही. "नो वरीज, मेट," एवढंच त्यांना म्हणाली आणि त्यांचा खांदा थोपटला. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मला दिसलं, बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. मी यायच्या आधी त्यांनी ती पिशवी उचलायचा प्रयत्न केला असणार. मी एक शब्द न बोलता त्यांचा हात बघायला पुढे झाले, तर ते दचकून मागे सरले आणि तो हात त्यांनी पाठीमागे लपवला.

"काही नाही, काही नाही," बाबा म्हणाले. "आधीचंच आहे ते."