वसंतभाऊंच्या टेपमधली मोकळी जागा

निरोप आला तेव्हा मी चौथीच्या पोरांना भागाकार शिकवत होतो. शेलूबाजारहून येणारा जीपवाला शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, रेडिओवाले वसंतभाऊ गेले. आज सकायी. छातीत दुखलं म्हने." मी त्याला विचारलं, "कोणते वसंतभाऊ?" आता शेलूबाजारात रेडिओवाले वसंतभाऊ काय दहा-वीस होते? एकच होते. तरी मी विचारलं, आणि तोही भला माणूस, "ते नाई का, स्टँडजवळ दुकान हाये ज्याईचं," असं मलाच समजावत बसला. मग मी फळ्याकडे वळून भागाकार पुरा केला. बाकी चुकली. एका पोरीनं हात वर करून सांगितलं तेव्हा कळलं.

त्याला महिना होऊन गेला. तुमच्या अंकाच्या या पानावर लोक गेलेल्या मोठ्या माणसांबद्दल लिहितात, आणि वसंतभाऊ कोणी मोठे नव्हते. मंगरूळपीर तालुक्याच्या बाहेर त्यांना कोण ओळखत होतं? पण माझ्या डोक्यात त्यांच्यापायी जो गुंता झाला आहे, तो लिहिल्याशिवाय सुटणार नाही असं वाटतं... लिहूनही सुटेल याची खात्री नाही.

आमची ओळख शाळेच्या रेडिओमुळे झाली. मी नुकताच आसेगावला मास्तर म्हणून लागलो होतो. मुलांचे कार्यक्रम ऐकवायला शाळेला एक रेडिओ मिळाला होता, त्यातून नुसती खरखर यायची. तो मांडीवर घेऊन, जीपमध्ये कोंबून घेत शेलूबाजारला गेलो. वसंतभाऊंनी मागचं झाकण उघडलं, आत उंदरांनी संसार थाटलेला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "गुरुजी, याईचीबी हजेरी घेता का?" मला राग आला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नवी नोकरी, नवा पांढरा शर्ट. कोणी हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटायचं. मी तोंड वाकडं केलं ते त्यांनी पाहिलं, आणि चहा मागवला. दोन कप, वर बशी झाकून आलेले. त्यातला एक त्यांनी काही न विचारता माझ्यापुढे सरकवला. आडनाव नाही, गाव नाही, वस्ती नाही. ज्यांना लहानपणापासून या प्रश्नांची सवय आहे त्यांना कळेल की ते न विचारणं किती मोठं असतं. मी गरम चहा तसाच ओढला, जीभ भाजली.

त्यांचं दुकान पुढे आणि घर मागे. लग्नसराईत सगळे दुकानदार भोंगे भाड्यानं देत, हे देत नसत. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, यावरून त्यांना बोल लावायच्या. वसंतभाऊंचं म्हणणं ठरलेलं, "भोंग्यातलं गानं कोनाचंच नसते. ते गावाच्या आंगावर फेकलेलं असते. गानं कसं, घरात आलं पायजे, पाहुन्यावानी बसलं पायजे." आणि खरोखर तसंच ते बसवायचे. घरातला मोठा रेडिओ लाकडी फळीवर, त्यावर वहिनींनी विणलेलं कापड. रविवारी सकाळी आम्ही जाऊन बसलो की ते कापड काढायचे, घडी करायचे, बटण फिरवायचे, आणि रेडिओ गरम होऊन आवाज येईपर्यंत कोणाला बोलू द्यायचे नाहीत. गाणं सुरू झालं की डोळे मिटायचे. मी विचारलं होतं, एवढं काय ऐकता? तर म्हणाले, "सूर तं सारेच लावतात बे. गानारा दम कुठी घेते ते आयक. तिथं मानूस सापडते." मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मला गाण्यातले शब्द कळत, तालावर पाय हलवता येई. सुंदर म्हणजे काय, हे ते मला हातवारे करून सांगायचे आणि मी मान डोलवायचो, खोटी.

मग त्यांनी टेप घेतला. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून, जुना, दोन मोठ्या चकऱ्यांचा, पेटीएवढा. शेलूबाजारात तोवर कोणी असं यंत्र जवळून पाहिलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकायला लोक येऊन बसत आणि ऐकल्यावर भांडत. वहिनींनी तर साफ सांगितलं, "हा माहा आवाज नोहे. दुसऱ्याच कोन्या बाईचा हाये." पण आठ-पंधरा दिवसांत ती मजा सरली. वसंतभाऊंना काहीतरी वेगळं भरायचं होतं, कुठल्याच तबकडीवर नाही असं. आणि मी, शहाणा, फुशारकीत बोलून गेलो, "माझ्या मायच्या ओव्या ऐका एकदा."

पुढच्याच रविवारी ते टेप घेऊन आसेगावला आमच्या घरी हजर. आल्या आल्या मायला म्हणाले, "मावशी, घरातल्या साऱ्या गोधड्या काढा." मायला वाटलं पाहुणा आजारी आहे. गोधड्या त्यांनी भिंतींवर टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. जात्याची घरघर फार होते म्हणून जातं बंद ठेवलं. पण माय रिकाम्या हातानं गाईना. "हात फिरल्याबिगर तोंड कसं उघडन, बाबू?" असं तिचं म्हणणं. शेवटी वसंतभाऊंनी जात्याचा खुंटा उपटून तिच्या हाती दिला, आणि तो हवेत गोल फिरवत तिनं गायला सुरुवात केली. वसंतभाऊ कानाला इअरफोन लावून, चकऱ्यांवर नजर. मधेच मायच्या तोंडाकडे बघत. दुपारी त्यांनी आमच्याकडे अंबाडीची भाजी आणि भाकर खाल्ली, दोनदा वाढून घेतली, आणि गेले.

आठ दिवसांनी त्यांनी मला दुकानात बोलावलं. चेहरा उतरलेला. टेप लावला. मायचा आवाज आला, इतका स्वच्छ की माझ्या अंगावर काटा आला. आणि मग ओवीच्या मधेच आवाज गेला. क्षणभर काही नाही. पुन्हा आला. पुढच्या ओवीत पुन्हा तेच. "पाह्यलं? तोंड हालत होतं तिचं, मी सोता पाह्यलं. म्हंजे गाऊन राह्यली होती. कानात आवाज गेला तं मले वाटलं, वायर ढिली असंल. मशीननं खाल्लं." त्यांनी फीत जिथं घासते ते हेड पुसलं, पट्टे बदलले, दोनदा टेप अकोल्याला नेऊन दाखवला. तिथल्या माणसानं सांगितलं, मशीन ठणठणीत आहे. त्यावर वसंतभाऊ त्याच्याशी भांडून आले. परत आल्यावर मला विचारलं, "किसना, मशीनमंदीच काई असंल का रे?"

मी म्हणालो, "असंल."

आता खरं सांगतो. मशीन चांगलं होतं. दोष असलाच तर माझ्यात होता.

मी आठ वर्षांचा असताना आमच्या वस्तीनं धम्म घेतला. घराघरांतले देव पोत्यात भरून नदीत सोडले, त्या पोत्यामागे मीही नाचत गेलो होतो. ते बरोबरच झालं. आजही कोणी मला त्याबद्दल विचारलं तर मी ताठ मानेनं सांगेन, त्यात माझा काही गोंधळ नाही. पण मायच्या ओव्यांतले देव कोण काढणार? त्या तिच्या मायकडून आलेल्या, जशाच्या तशा. मी सोळा वर्षांचा झालो, भाषणं ऐकायला लागलो, मित्र घरी यायला लागले. एकदा ते बसलेले असताना माय जात्यावर गात होती. एक जण हसला. ते गेल्यावर मी मायवर ओरडलो, "आपण काय सोडलं ते ठाऊक नाही का तुला? पुन्हा त्याईचं नाव घेतलं तर मी घरात जेवणार नाही." दुसऱ्या दिवसापासून ती देवाचं नाव आलं की आवाज बंद करायची. ओठ हलायचे, आवाज नाही. ओवी मोडायची नाही म्हणून जागा ठेवायची आणि पुढे जायची. मी जेवत होतो, घरात शांतता होती, मला वाटलं झालं.

हे वसंतभाऊंना कसं सांगायचं? देवांचं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, अजून आहेच का यांच्या घरात... नाही, ते तसं म्हणाले नसते. मलाच तसं वाटत होतं. आणि खरी गोष्ट देवांची नव्हतीच. एवढ्या गोड आवाजाच्या बाईच्या तोंडाला तिच्याच पोरानं कुलूप लावलं, हे त्या माणसासमोर बोलायचं होतं, ज्यानं गाणं पाहुण्यासारखं बसवलं पाहिजे असं मला शिकवलं. माझी हिंमत झाली नाही. लाज म्हणा, अहंकार म्हणा, दोन्ही म्हणा.

वर्षं गेली. दरवर्षी एक-दोनदा तरी ते मला तो टेप ऐकवायचे. त्या जागेवर आलं की माझ्याकडे बघायचे. "मशीनमंदीच काई असंल का रे?" आणि मी दर वेळी तेच, "असंल." एकदा तर मी वर शहाणपणाही शिकवला, की लाइटचा दाब कमी-जास्त होत असेल. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, "हो बाप्पा, लाइटचं काई सांगता येत नाई." आता ती मान आठवली की मला घाम फुटतो.

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी बसलो, पाणी प्यालो, आणि मग राहवलं नाही. जे त्यांना सांगायचं ते त्यांच्या बायकोला सांगायला लागलो. "वहिनी, त्या टेपात बिघाड नव्हता. माझ्या मायनं..."

"थांबा भाऊजी," त्या म्हणाल्या. "ठाव हाये आमाले. मायनंच सांगतलं होतं त्याईले."

"कधी?"

"पयल्याच साली. अकोल्याहून भांडून आले, अन् दुसऱ्या दिवशी आसेगावले गेले. तुमी शाळेत होते. तवापासून त्याईनं त्या मशीनचा एक खिळा तरी खोलला का? तुमीच सांगा."

खरंच, नव्हता खोलला. इतकी वर्षं मी ते दुकान पाहत होतो, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, "मग मले काहून विचारत होते दर वेळी?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. "मीबी पुसलं होतं. कायले त्या मानसाले छळता म्हनून. तं म्हनत, छळत नाई वो. त्याच्या मनावर धोंडा हाये. त्याले बोलाले दार उघडून देतो. येक ना येक दिवस बोलन." मग त्यांना रडू आलं, आणि मलाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ते माझी वाट पाहत होते, की माझी परीक्षा घेत होते? माझं "असंल" ऐकून त्यांना हसू येत असेल, की वाईट वाटत असेल? मी त्यांच्यावर रागवावं का? रागवलोही आहे, दोन दिवस. अरे, एवढं ठाऊक होतं तर माझा कान धरायचा, मोठे होते ना! मग वाटतं, कान धरण्याचं काम तर मी मायवर केलं होतं, बोलतं नव्हे, गप्प करायला, आणि त्याचं काय झालं ते त्यांनी टेपवर ऐकलं होतं. म्हणून नसेल धरला. कोण जाणे. मेलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, हीच खरी पंचाईत आहे.

घरी आलो तेव्हा माय ओसरीत तुरी भरडत होती. पिठासाठी आता गिरणी आहे, डाळीपुरतं जातं उरलंय. मी आल्या आल्या तिच्यावरच घसरलो. जुनी खोड. "वसंतभाऊले तू सारं सांगितलंस, अन् मले एका शब्दानं बोलली नाहीस? इतकी वर्षं?"

तिनं जातं थांबवलं नाही. तुरीची मूठ आत टाकली आणि म्हणाली, "त्यानं पुसलं, बाबू. आला, बसला, पानी मांगतलं, अन् पुसलं, मावशी, तिथं काय म्हनतं तू? म्या सांगतलं. तू कधी पुसलं?"

मी उभाच होतो. ती नावं मला पाठ असायला हवी होती, लहानपणभर कानावर पडलेली. पण नाव आलं की माझं डोकं इतकं तापायचं की मी ती कधी नीट ऐकलीच नाहीत. ते देवच होते, की मधे तिच्या भावाबहिणींची, माझ्या मेलेल्या बहिणीची नावंही होती, हे मला माहीत नाही. तिनं सगळ्यांवरच आवाज बंद केला होता का, तेही माहीत नाही. वसंतभाऊंना माहीत होतं. टेप दुरुस्त करणाऱ्या माणसाला माझ्या घरातलं माहीत होतं आणि मला नव्हतं.

चपला काढल्या. तिच्यासमोर जाऊन बसलो, खुंट्याला तिच्या हाताखाली हात लावला, आणि बत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "माय, तिथं काय म्हणतेस तू?"