एक वाजताचा फोन

माझ्या आमटीवर बोटभर तर्री दिसली नाही, तर जेवणारा आधी माझं तोंड बघायचा, बाईचं काही बिनसलंय का म्हणून. आमच्या डिंगोरे गावात मासवडी करावी तर मीच, असा माझा तोरा होता. मग आमच्या मालकांच्या छातीत स्टेंट बसवावी लागली. तेल-मीठ आवरा, पुन्हा असं झालं तर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांना नाही, मला. स्वयंपाक माझ्या हातातला ना.

मीही हट्टाला पेटले. तेलाची बुधली वरच्या फळीवर गेली. लसूण कोरड्या तव्यावर भाजून ठेचायला लागले, मुगाच्या आमटीत जरा चिंच कोळली, दुधी किसून ज्वारीच्या पिठात थालीपीठं लावली. पहिले आठ दिवस ते माझ्याच घशाखाली उतरेना. पण घरात दोन तऱ्हेचा स्वयंपाक करायचा नाही, ते खातील तेच मी खाणार, हे ठरवून टाकलेलं.

टोमॅटोच्या सीझनला मालक नारायणगावच्या मार्केटात गाड्या भरून घ्यायला असतात. सकाळी डबा घेऊन जातात. दुपारी एकला त्यांचा फोन यायचा, जेवलो म्हणून. मग मी ताट वाढून घ्यायचे. त्यांच्या आधी जेवायची मला सवयच नाही. कुणी शिकवलं नाही, आईचं बघून लागली असेल.

एका शनिवारी लेक अवसरीच्या कॉलेजातून घरी आली. येताना नारायणगावला तिनं बापाला मिसळीच्या दुकानात पाहिलं होतं. आणि घरचा डबा? तो बाहेर क्रेटांपाशी कुत्र्यापुढं. सांगू का नको करत शेवटी बोलली बिचारी. मला इतका संताप आला की तव्यावरची भाकरी करपली तरी कळलं नाही. रडूही आलं. पण त्यांच्यापुढं अवाक्षर काढलं नाही. सोमवारी नेहमीसारखा डबा त्यांच्या हातात दिला. ते गेल्यावर तसाच दुसरा भरला आणि जुन्नरला जीप बदलून नारायणगाव गाठलं.

दुकानात ते पाठमोरे बसले होते. पुढ्यात लालभडक मिसळ, कानाला फोन. माझ्या पिशवीतला फोन वाजला. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहूनच तो उचलला.

"जेवलो गं. दुधी लई मस्त झाला व्हता."

"मग आता मी जेवू का?"

ते वळले. चमचा हातातच राहिला. बाजूच्या बाकावरचे हमालसुद्धा खायचे थांबले. मी त्यांच्यासमोर बसले, मिसळ बाजूला सारली आणि डबा उघडला.

"तुमी जेवलो म्हणता, तवाच माझ्या तोंडात घास जातो," मी म्हटलं. "इतके दिवस खोट्यावर जेवले मी. उद्या तुमाला काय झालं, तर मी कोनाच्या फोनची वाट बघायची?"

त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"आळणी हाये," म्हणाले.

"हाये. उद्या पण आळणीच असनार."

त्यांनी दुसरा तुकडा मोडला तो माझ्यापुढं धरला. भर मार्केटात, चारचौघांत. एरवी मी लाजेनं मेले असते. पण भूक लागली होती, आणि राग अजून उतरला नव्हता. खाल्ला.

तेलाची बुधली अजून वरच्या फळीवरच आहे. तिखटाची कुरकुर रोज चालते, ती मी ऐकून घेत नाही. एकचा फोन मात्र आता डबा उघडायच्या आधी येतो, तू ताट घेतलंस का विचारायला. परवा मी फोन घरी ठेवून शेतावर गेले आणि निंदणीच्या नादात विसरले. घरी येऊन फोन लावला तेव्हा तीन वाजले होते. तिकडं मार्केटात मालक झाकलेला डबा पुढ्यात घेऊन तसेच बसले होते.