बरगडी आणि दाढ

परवा आमच्या प्रयोगशाळेत उत्खननातून एका बाईची बरगडी आणि दाढ आली. हजारो वर्षं जुनी. तपासणीच्या यंत्रात घालण्याआधी त्यांची तयारी करणं हे माझं काम. माती ब्रशनं झाडायची, वरचा थर खरवडायचा आणि आतल्या स्वच्छ भागाची पूड करायची. दोन्हींचे खल मी वेगळे ठेवते. एकीचा कणही दुसरीत जाता कामा नये.

सहीसाठी आलेल्या ऑफिसातल्या कुंदाताई बघत उभ्या राहिल्या. "एकाच बाईचं ना हे? मग एवढं सोवळं कशाला गं?"

"ताई, दाढ लहानपणी बनते आणि तशीच राहते. तेव्हा प्यालेल्या पाण्याची खूण तिच्यात कायमची असते. हाड मात्र जन्मभर झिजतं आणि नव्यानं भरतं. त्यात नंतरच्या गावचं पाणी उतरतं."

"म्हणजे दाढ माहेरची नि बरगडी सासरची म्हण की!"

मी हसले. लग्न होऊन कोकणातून इथे घाटावर आले, तेव्हा इथलं पाणी मला कितीतरी दिवस जड लागायचं. आणि गेल्या खेपेस माहेरी गेले, तर भावानं विहिरीचं पाणी उकळून पुढे केलं. म्हणाला, "तुला आता इथलं सोसायचं नाही." मी तेच प्याले.

कुंदाताई गेल्यावर पूड उडू नये म्हणून पंखा बंद केला आणि वजन करायला बसले. आधी बरगडीची पूड, मग दाढेची. श्वास धरून ठेवला होता, हात स्थिर होता. जीभ तेवढी आपसूक माझ्या दाढेवर फिरत राहिली.