मावशीच्या हातची खिचडी

पेडगावातल्या आमच्या गल्लीत मावशीची हाक आली की लेकरं हातातलं टाकून पळत. मावशी म्हणजे अंगणवाडीची मदतनीस. लेकरांना घरून न्यायचं, खिचडी शिजवून खाऊ घालायचं, परत आणून सोडायचं, हे तिचं काम. माझी राणी तेव्हा तीन वर्षांची. एका घासासाठी मला घरभर फिरवणारी ही पोर मावशीपुढं मांडी घालून ताट चाटूनपुसून खाई.

मला ते बघवत नसे. तीच डाळ, तोच तांदूळ, वर घरचं तूप घालून मी खिचडी केली. राणीनं एक घास घेतला नि ताट सरकवलं. "मावशीची पायजे."

गल्लीतल्या बाया 'सरकारचं फुकटचं खाणं' म्हणून नाकं मुरडत, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यात जाऊन बसे. मावशीच्या कानावर ते गेलंच. ती एवढंच म्हणाली, "सरकारचं म्हंजी परक्याचं हाय का? आपल्याच लेकरांसाठी आलंय." डाळ यायला उशीर झाला की हीच बाई कुणाच्या शेतातून शेवग्याचा पाला, कुणाकडून मूठभर शेंगदाणे मागून आणी.

शेवटी मी राणीला घरीच ठेवलं. मला पुन्हा दिवस गेले होते, अंगात त्राण नव्हतं, तरी हट्टानं भरवत होते. राणीचं वजन आधीच कमी होतं; आता फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला. एका दुपारी मावशी दारात आली. ही आता ऐकवणार, म्हणून मी तयारीतच होते. राणी धावत जाऊन तिला बिलगली. मावशीनं माझ्याकडं पाहिलं.

"लेकराचं राहू दे. तू जेवलीस का, माय?"

लग्न होऊन आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं भाकरी थापली आणि माझं खाऊन होईस्तोवर समोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून राणीला सोडायच्या निमित्तानं मीही अंगणवाडीत जाऊ लागले. राणी मावशीच्या मांडीवर, मी भिंतीला टेकून. आता मला हेवा वाटे तो राणीचा.

पुढं वय झालं म्हणून मावशीचं काम सुटलं. गंगाखेडला लेकाकडं निघाली त्या दिवशी सगळी लेकरं फाट्यावर जमली. एकेकाच्या गालावरून ती हात फिरवत होती. बाळाला कडेवर घेऊन मी राणीच्या मागं उभी राहिले. तिनं बाळाचा पाय दाबला, राणीला पोटाशी धरलं, ते सोडीचना. तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं घाई केली नि मावशी चढून गेली. माझ्यापर्यंत तिचा हात आलाच नाही.