बिनछपराची बोट

त्या दुपारी माझ्या डोक्यावर एकही गार पडली नाही. का पडली नाही — हे नऊ वर्षांत मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. रविवारी विहारात डोळे मिटून बसतो, तेव्हा स्वतःशीसुद्धा मी ते पुरतं बोलत नाही. अर्ध्यापर्यंत येतो आणि उठून चपला घालतो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल.

सांगायला सोपं आहे ते आधी सांगतो.

अमरावतीच्या एमआयडीसीत माझं फायबरचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं शेड, पाच माणसं आणि आंघोळ करूनही न जाणारा राळेचा वास. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, असलीच कामं. त्या पाच जणांत एक पुष्पा होती. कौंडण्यपूरची, भोयाची मुलगी. इथे मावशीकडे राहून कामाला यायची. तिचा हात फार साफ. तिनं घासलेल्या साच्यावरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटायचं. मला ‘दादा’ म्हणायची.

वरूडकडच्या एका धरणावर नौकाविहार सुरू करू पाहणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना बोट हवी होती — तळ फायबरचा, टणक, आणि भोवती हवा भरलेल्या जाड रबरी नळ्या. अशी बोट वेगात पळते आणि सहसा उलटत नाही. मी कधी केली नव्हती. तरी हो म्हणालो.

पाण्याची जाण असलेलं कुणीतरी हवं होतं, म्हणून पुष्पा तिच्या बाबांना घेऊन आली. देवराव. साठीच्या अलीकडे, बुटके, दंडानं मजबूत. सगळा जन्म वर्धेच्या पाण्यात गेलेला. मासे धरायचे, जत्रेच्या दिवसांत लोकांना पल्याड न्यायचे. बोट पुढे तेच चालवणार होते. साच्याभोवती दोनदा फिरले आणि एकच गोष्ट बोलले.

“साहेब, डोक्यावर काहीतरी ठेवा. नदीत वारं सुटलं तं काठ जवळ असते. धरनात काठच नसते.”

मी ठेवलं. चार पाइप, वर फायबरचं छप्पर, चालवणाऱ्यापुढे छातीइतकी उंच काच, दोन्ही बाजूंना गुंडाळून ठेवायचे प्लास्टिकचे पडदे. छप्पर पुष्पानं केलं, दोन आठवडे खपून. त्याखाली उभं राहिलं तर बाहेर काहीही कोसळू दे, अंगाला थेंब लागला नसता. आणि दिसायला? दिसायला ती बोट म्हणजे पाण्यात उतरलेला ऑटो. ते गृहस्थ बघायला आले आणि हसले. “बोट सांगितली होती, तुमी आटो बनवला.” मग म्हणाले, “राहू द्या, चालते.”

हे नीट ऐका — चालते म्हणाले. त्यांना चालत होती. मला चालत नव्हती.

मोबाइलवर मी परदेशातल्या बोटी पाहत बसायचो. बुटक्या, काळ्या, नाक वर उचललेल्या. चालवणारा वाऱ्यात ताठ उभा. वीस वर्षं मी टाक्या केल्या. टाकीकडे कोण मान वळवून बघतं? मला एकदा लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी करायचं होतं. एवढंच होतं ते. याहून मोठं काही नव्हतं.

रविवारी शेडमध्ये कुणी नसताना मी ग्राइंडर घेतला आणि चारही पाइप बुडातून कापले. ठिणग्या हातावर उडत होत्या, पाइप किंचाळत होते, आणि — हेही सांगायलाच हवं — मला बरं वाटत होतं. छप्पर खाली पडून मधोमध फुटलं. मी ते लाथेनं कोपऱ्यात सारलं. उंच काच काढून तिथे वीतभर काळी पट्टी बसवली. चालवणाऱ्याची बैठकही काढली, उभा माणूस रुबाबदार दिसतो म्हणून. मग चारी बाजूंनी फिरून पाहिलं. सुंदर दिसत होती. खोटं कशाला बोलू, आजही आठवते तेव्हा सुंदरच दिसते.

सोमवारी सकाळी पुष्पा आली. बोट ट्रेलरवर चढवलेली होती आणि तिचं छप्पर कोपऱ्यात, दोन तुकड्यांत. तिनं विचारलं, “दादा, हे कोनं केलं?”

शेडचा मालक मी. ‘मी केलं’ म्हणायला काय लागत होतं? पण तिच्या हातावर अजून राळेनं उठलेले चट्टे होते आणि मला ते बघवले नाहीत. मी म्हणालो, तुझ्या बाबांनीच फोन करून सांगितलं. छपरात वारा भरतो म्हणाले. तिनं तुकडे उचलून भिंतीला नीट लावून ठेवले आणि कामाला लागली. मी ट्रेलर घेऊन धरणाकडे निघालो.

तुम्ही म्हणाल, समजलं — दिखाव्यापायी छप्पर काढलं आणि भलत्याच्या नावावर घातलं. तेवढंच असतं तर मी ते केव्हाच बोलून मोकळा झालो असतो. खरंच सांगतो, मित्रांत हसत सांगितलंही असतं.

काठावर देवराव आधीच येऊन बसले होते. बोट पाहिली आणि विचारलं, “छप्पर कुठी गेलं?” मी म्हणालो, नंतर बसवू, आज नुसती चाचणी आहे. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. फाल्गुन होता, दुपारचे तीन वाजलेले, आणि ढगाला हिरवट काळा रंग चढत होता. आज नको म्हणाले. मी म्हणालो, एकच चक्कर. मला फोटो हवे होते. त्या ढगापुढे बोट काय दिसली असती! देवरावांनी पुन्हा एकदा ढगाकडे पाहिलं. मग धोतर वर खोचून बोटीत चढले. त्यांची पोर माझ्याकडे कामाला होती — हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. त्यांच्या डोक्यात आला असणार.

बोट पळाली. देवा, काय पळाली ती! धरणाच्या मध्यावर आलो तेव्हा मी मोबाइल काढून बसलो होतो आणि वारा एकदम थांबला. पाणी सपाट झालं. मग दुरून दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला, आणि तो जवळ येऊ लागला.

पहिली गार इंजिनावर पडली आणि त्याचं कवच फुटलं. तुम्ही वऱ्हाडातले असाल तर गारपीट पाहिली असेल — घरातून, खिडकीतून, झोडपलेली बाग बघत. उघड्यावर, पाण्याच्या मधोमध पाहिली नसेल. लिंबाएवढ्या गारा होत्या, काही मुठीएवढ्या, काटेरी. पाणी चारी बाजूंनी उकळल्यासारखं उडत होतं. वाऱ्यानं बोट आडवी ढकलली. माझ्या हातातला मोबाइल गेला. कुठे गेला ते दिसलंही नाही.

बोटीत पुढे सामानाची पेटी होती आणि तिचं झाकण अजून बिजागरीला लावलेलं नव्हतं. फायबरचं, चांगलं हातभर रुंद आणि दोन हात लांब. देवरावांनी डाव्या हातानं ते उचललं आणि डोक्यावर धरलं. उजवा हात स्टिअरिंगवर. वळून मला म्हणाले, “साहेब, इकडं या. माह्याजवळ उभे राहा, दोघायच्या डोक्यावर धरा.”

दोघांना पुरलं असतं. हे मी नंतर मोजून पाहिलं आहे — हो, मोजून पाहिलं आहे. फक्त मला उभं राहावं लागलं असतं. त्या माणसाला चिकटून, वाऱ्यात, काठ येईपर्यंत.

मी उभा राहिलो नाही. मी तळाशी उकिडवा बसलो होतो आणि तिथूनच झाकण ओढलं. त्यांनी सोडलं नाही. मी पुन्हा ओढलं. त्यांना वाटलं असेल मी घाबरून लटकलो आहे. ते काहीतरी म्हणत होते, पण गारांत ऐकू येत नव्हतं. माझ्या पायाशी इंजिनाचा मोठा पाना पडला होता. तो मी उचलला आणि त्यांच्या मनगटावर मारला.

एकदा नाही. एकदा मारल्यावर बोटं सुटली नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा मारला. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचं मला पान्यातून हातात कळलं.

झाकण सुटलं. मी ते डोक्यावर घेतलं आणि त्याच्याखाली अंग चोरून बसलो. वर गारा आपटत होत्या, कानाचे पडदे फाटतील असा आवाज. झाकणाच्या कडेखालून मला देवरावांचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. बोट काठाकडे वळली, डुलली, पुन्हा सरळ झाली. मोडका हात त्यांनी तोंडापुढे धरला असणार. तो सारखा खाली पडत असणार. किती वेळ गेला? पंधरा मिनिटं असतील. त्यांच्या पायांशी आधी पाणी होतं, मग ते लाल व्हायला लागलं. मी पाय मागे घेतले.

त्यांनी बोट काठाला लावली. अगदी चिखलात, नीट नाक रुतवून. मग खाली बसले. तोंडाकडे मला पाहवेना. उजव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं आणि डावा सुजून मिटला होता. गारा थांबत आल्या होत्या. बांधावरून माणसं पळत येताना दिसली, आणि तेव्हा — त्याआधी नाही — मी झाकण पाण्यात फेकलं आणि देवरावांना मिठीत घेतलं. माणसं पोचली तेव्हा त्यांनी तेच पाहिलं. माझा शर्ट रक्तानं भरलेला होता. सगळं रक्त त्यांचं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट पाहिलं आणि म्हणाले, एवढी मोठी गार? मी म्हणालो, हो, मुठीएवढ्या होत्या.

उजवा डोळा गेला. डाव्यानं उजेड-अंधार कळायचा, पुढे माणसाची आकृती कळू लागली. त्याहून जास्त कधी नाही. पुष्पाला मी व्हरांड्यात सांगितलं की झाकण मी त्यांच्या डोक्यावर धरत होतो, पण चालवायला अडचण होते म्हणून त्यांनीच ढकललं. माझ्या तोंडून हे सहज निघालं. ती आत गेली. मी दारात उभा होतो. तिनं रडत विचारलं, “बाबा, छप्पर तुमीच काढाले लावलं म्हनते दादा. काहून?”

देवरावांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही. म्हणाले, “व्हय.”

पुढची वर्षं मी चांगला माणूस झालो. औषधोपचाराचा सगळा खर्च मी केला. पुष्पाचा पगार वाढवला, तिला साच्यांचं सगळं काम सोपवलं. त्यानंतरची प्रत्येक बोट आम्ही छपराची केली, आणि लोक म्हणतात की माझ्या बोटी दिसायला साध्या, पण माणसाची काळजी घेणाऱ्या. पुष्पा वडिलांवर मात्र रागावून असायची. स्वतःच्या हट्टानं डोळा घालवला, म्हणायची. माझ्यासमोर म्हणायची. मी ऐकून घ्यायचो.

एका कार्तिकात जत्रेच्या दिवशी मी कौंडण्यपूरला त्यांच्याकडे गेलो. लोक बाहेर नावेत बसत होते, दुसरंच कुणी नाव हाकत होतं. देवराव ओट्यावर एकटे होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, देवरावभाऊ, मला पुष्पाला काही सांगायचं आहे. मी खरंच सांगणार होतो का? मला आजही माहीत नाही. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

“साहेब, तिले काही सांगू नोका. तुमच्या इथं कामाले आहे थे. तिचं पोट आहे त्याच्यावर.”

त्यांचा डावा हात मांडीवर होता. मनगट वाकडं जुळलेलं. मला काय वाटलं, सांगू? लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. मी तिथे दोन कप चहा प्यालो.

तेवढा आडोसा मला पुष्कळ वर्षं पुरला. पण दोन वर्षांपूर्वी पुष्पानं माझं काम सोडलं. बाळापूरच्या रस्त्याला तिनं स्वतःचं शेड घातलं. आता तिचं पोट माझ्यावर नाही. सांगू नये असं कुठलंच कारण उरलेलं नाही. तरी मी सांगितलेलं नाही.

शेडच्या उद्घाटनाला तिनं मला बोलावलं. पन्नासेक माणसं होती. देवरावांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. पुष्पा माइकवर बोलली, की माझे बाबा आज इथं बसले आहेत ते दादांमुळे. त्या गारांमध्ये दादांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना धरून ठेवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावांनीही वाजवल्या — उजव्या हातानं, मांडीवर. मी खाली मान घालून उभा राहिलो. लोकांना तो विनय वाटला. मग पुष्पानं कात्री पुढे केली आणि मी फीत कापली.