न भाजलेला नग

कातरताईला कातरताई म्हणायचे ते तिच्या हातातल्या कातरीमुळे. कारखान्यात सिलिकॉनचा माल निघायचा: बाळाच्या बाटलीची बोंडं, श्वासाच्या यंत्राचे मास्क, स्वयंपाकघरातले कालथे. साचा उघडला की प्रत्येक नगाला कडेने पातळ पापुद्रा चिकटलेला असायचा. बायका त्याला मिशी म्हणायच्या. मिशी काढणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. एक दिवस करून बघावं. कातर जरा आत गेली तर नग वाया, जरा बाहेर राहिली तर कड टोचते. कोपर टेकलेलं हवं, श्वास हळू हवा. मिशी काढून झाली की कातरताई नग मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवायची. बोटांची कातडी कामाने जाड झालेली, तिला काही कळायचं नाही. मनगटाला कळायचं.

आतल्या खोलीत आणखी एक माल निघायचा. खोक्यावर ‘मसाजर’ लिहिलेलं असायचं. बायका त्याला पाव्हणा म्हणायच्या. नवी बाई पहिल्यांदा बघून लाजली की कोणीतरी म्हणायचंच, “बघतेस काय? पाव्हणे आलेत, पाणी विचार.” एकदा हसून झालं की मग सगळ्या मान खाली घालून काम करायच्या. कालथा असो की पाव्हणा, मिशी काढायला मेहनत तेवढीच.

कापलेला माल भट्टीवालीकडे जायचा. सिलिकॉन घट्ट व्हावं म्हणून त्यात औषध मिसळतात. त्याचा अंश मालात उरतो, आणि तो काढायला नग भट्टीत पुरता भाजावा लागतो. न भाजलेला नग दिसायला अगदी तसाच असतो. फक्त त्याला आंबूस वास येतो, आणि नाजूक कातडीला लागला तर आग होते. भाजून झालं की भट्टीवाली नगाच्या बुडाशी निळा ठिपका द्यायची. ठिपका असलेला नग पुन्हा कोणी तपासायचा नाही, असा बायकांचा आपसातला कायदा होता. तपासला तर भट्टीवर उभ्या असलेल्या बाईला तोंडावर खोटारडी म्हटल्यासारखं व्हायचं.

दोघी एकाच वर्षी कामाला लागल्या होत्या. कातरताईला दिवस गेले ते नवऱ्याआधी भट्टीवालीला कळलं. भट्टीवाली सासूशी काय भांडली ते कातरताईला तोंडपाठ असायचं. कोणी विचारलं, “तुम्हा दोघींचं पोट एकच आहे का गं?” तर भट्टीवाली म्हणायची, “पोटं दोन आहेत, पण दुखतात एकदमच.”

मग कातरताईला गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग निघाला. वेळेत निघाला. किरणांचे उपचार झाले, सलाईनमधून औषधं झाली. केस परत आले, ती कामावर आली. दोन गोष्टी मात्र आल्या नाहीत. एक वास. फोडणी करपली तरी तिला धूर दिसल्यावरच कळायचं. दुसरी गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. उपचारांनी आतली कातडी कागदासारखी पातळ आणि कोरडी पडली होती. नवरा जवळ आला की ती दात आवळायची. तो गाड्यांच्या सीटा शिवणारा, बोलायला कमी. पण ताण कुठे आलाय हे त्याला हात लावताच कळायचं. तो बाजूला व्हायचा आणि उगाच पाणी प्यायला उठायचा.

तपासणीच्या वेळी नर्सने आपणहून विषय काढला. दार लावून घेतलं आणि म्हणाली, “लाजू नका. हा भाग असाच सोडला तर आखडत जातो. एखादं मऊ साधन घ्या. कड अजिबात नको, थरथर अगदी हळू हवी. जेल पाण्याचं घ्या, वासाचं नको. पहिले काही दिवस फक्त बाहेरून. दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही.”

“हा पण उपचारच म्हणायचा का?” कातरताईने विचारलं.

“उपचारही आहे आणि सुखही आहे. सुखासाठी घेतलं तरी कोणाची परवानगी लागत नाही.”

कातरताई बाहेर आली ती हसू दाबत. जन्मभर दुसऱ्यांसाठी पाव्हण्यांच्या मिशा काढल्या, आता एक स्वतःच्या घरी न्यायचा. कामगारांना माल घ्यायची मुभा होती, पण स्टोअरच्या खिडकीवर मुकादम बसायचा. त्याच्याकडे मागायचं तिच्या जिवावर आलं. तिने भट्टीवालीला सांगितलं. सगळंच सांगितलं: आवळलेले दात, नवऱ्याचं उठून जाणं, नर्सचं बोलणं.

“एवढंच ना?” भट्टीवाली म्हणाली. “माझ्या हाताने भाजून देते. तुझ्या घरी जायचाय, त्याला जरा जास्तच शेकवते.”

“अगं हळू बोल. मेले, ओरडतेस काय?”

“ओरडू दे. तुझं लग्न आम्हीच लावलं, आता पाव्हणाही आम्हीच धाडतो.”

दोन-चार दिवसांनी सुटीच्या वेळी तिने रुमालात गुंडाळलेला नग कातरताईच्या पिशवीत सरकवला. टोक गोल, अंगठ्याएवढं, दाबलं की दबणारं. कातरताईने कड तपासली, कारण कडेचं काम तिचं होतं. बुडाशी निळा ठिपका होता. पुढे तिने काही तपासलं नाही.

नर्सने सांगितलं तसंच तिने केलं. गरम पाण्याने अंग शेकलं, जेल लावलं, घाई केली नाही. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आग सुरू झाली. आधी सुई टोचल्यासारखं, मग मिरची लागल्यासारखं. लघवीला बसताना डोळ्यांतून पाणी यायचं. तिने जेल बदललं, साबण बंद केला, दम खाऊन पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. नर्सने तपासलं आणि म्हणाली, “फार लाल झालंय. वस्तू कसली आहे?”

“आमच्याच कारखान्यातली. नीट भाजलेली. माझी मैत्रीणच भट्टीवर आहे.”

“मग वस्तूचा दोष नसेल,” नर्स म्हणाली आणि मलम लिहून दिलं.

भट्टीवालीला ती रोज सांगत होती. कुठे आग होते, कधी होते, बसताना कसं होतं. भट्टीवाली ट्रे पुसत ऐकायची. “अंग तयार नाहीये तुझं,” एकदा म्हणाली. “सोड नाद. सगळ्यांनाच सगळं मिळतं असं थोडंच आहे?”

कातरताईला ते पटलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर पटलं नसतं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, “अहो, माझ्यातलं ते गेलंय. तुम्ही आशा धरू नका.” तो सुतळी ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, “तू आहेस ना, पुरे.” त्या आठवड्यात त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, तिला त्रास नको म्हणून. तिला मात्र वाटलं, आपणच त्याला घराबाहेर काढलं.

वास हळूहळू परत आला. आधी रॉकेलचा आला, मग साबणाचा. एका सुटीच्या दुपारी ती कपाट आवरत होती. रुमाल उचलला आणि तिचा हात थांबला. आंबूस. शिळ्या ताकासारखा, पण तोंडाला पाणी न सुटणारा. साच्यातून नुकत्याच निघालेल्या मालाचा वास. हा वास ओळखायला तिला विचार करावा लागत नव्हता.

तरी तिने विश्वास ठेवला नाही. जेल खराब झालं असेल, रुमालाचा असेल. नग धुतला, झाकणाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकला, झाकण लावून थांबली. झाकण काढलं तसा वाफेबरोबर तोच वास नाकात घुसला, इतका की तिने तोंड फिरवलं. नग कच्चा होता. निळा ठिपका बुडाशी तसाच होता, नीट गोल, भट्टीवालीच्या हातचा. पातेलं चुलीवर तसंच ठेवून ती खाली बसली. आपल्या अंगाला किती शिव्या दिल्या होत्या तिने. त्या अंगाचा काही गुन्हा नव्हता. ते बिचारं खरं तेच सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती भट्टीपाशी गेली. बाकीच्या बायका बाहेर डबे उघडून बसल्या होत्या.

“तू मला दिलेला नग भाजला होतास?”

भट्टीवालीने वर बघितलं.

“मुकादमाने भट्टी निम्म्या वेळेवर आणली,” ती म्हणाली. “वीज फार जाते म्हणाला. दुपारच्या पाळीचा माल नुसता गरम करून काढायचा, ठिपका द्यायचा. मी काय करू? नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरी उभी केली असती. या वयात मी पुन्हा साच्यावर जाऊ?”

“मी ते विचारलं नाही. माझा नग.”

“तुझा वेगळा भाजणार होते गं. आईशप्पथ. त्या दिवशी भट्टी लवकर बंद झाली, आणि तू दारात उभी. चेहरा असा, जसं काही माहेरी निघालीयस. म्हटलं, एका नगाने काय होतंय.”

“आणि मग? मी रोज तुझ्यासमोर बसून सांगत होते. आग होते म्हणत होते. तेव्हा?”

भट्टीवाली भट्टीच्या दाराची कडी चाचपू लागली.

“बोल की. तेव्हा तरी म्हणायचंस, बये, फेकून दे तो.”

“म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का फेकू? आणि कळल्यावर तू गप्प बसली असतीस?” भट्टीवालीचा आवाज चढला. “तुला ओळखत नाही का मी? सरळ मालकाकडे गेली असतीस.”

“म्हणून मला जळू दिलंस.”

“जळू दिलं काय? मलम होतं ना तुझ्याकडे.”

असं म्हटल्याची तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण तिने तोंडावर हात ठेवला. कातरताईला रडू आलं नाही. तिला फक्त ते ट्रे पुसणं आठवलं. आपण सांगत होतो आणि ही ट्रे पुसत होती, कोपरे धरून, नीट.

“ही असली साधनं कोण घेतं माहीत आहे?” ती म्हणाली. “ज्यांचं अंग आधीच दुखावलेलं आहे त्या बायका घेतात. त्याही अंगालाच बोल लावत बसल्या असतील. उद्या सकाळी मालकाकडे जातेय. तुला आधी सांगून जाते. एवढंही तू माझ्यासाठी केलं नाहीस.”

मालकाने आधी कानावर हात ठेवले. मग तिने त्याच्याच टेबलावर उकळत्या पाण्याचं पातेलं मांडलं, तो नग त्यात टाकला आणि थोड्या वेळाने झाकण काढलं. वास त्यालाही आला. गोदामातला माल भट्टीत परत गेला, दुकानांतला माघारी मागवला. मुकादमाला काढलं. भट्टीवालीला पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसवलं. काही बायका कातरताईशी बोलेनाशा झाल्या. “घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं,” म्हणाल्या. तिने कोणाला समजावत बसायचे कष्ट घेतले नाहीत.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने हातातली सुई बाजूला ठेवली. मग म्हणाला, “चल, दुसरं घेऊ. मी येतो.”

“दुकानात? तुम्ही?”

“सीटचं कापड निवडायला जातोच की गिऱ्हाइकांबरोबर.”

दवाखान्याच्या सामानाचं दुकान होतं, आतल्या बाजूला एक कपाट. काउंटरवरच्या बाईने तीन-चार प्रकार मांडले. नवऱ्याने गादीचा स्पंज दाबावा तसं एकेक दाबून बघितलं. “हे वरून मऊ, आत टणक,” म्हणाला. “टिकायचं नाही.” कातरताईने एक चालू करून हाताच्या कोपराच्या आत धरलं. बारीक, माशीसारखी भणभण होती. काढल्यावरही कातडी बधिर राहिली. ते परत केलं. दुसऱ्याची थरथर खोल आणि संथ होती, मांजर मांडीवर झोपावं तशी. बटण दाबलं की एकदम जोर येत नव्हता, पायरी-पायरीने येत होता. तिने कड बघितली, मग नाकाशी धरून वास घेतला.

“वास काय घेता ताई?” काउंटरवरची हसली. “कंपनीची खूण आहे त्यावर.”

“असू दे,” कातरताई म्हणाली, आणि पुन्हा घेतला.

घरी आणलं तरी खोकं किती दिवस तसंच पडून होतं. हात जायचा आणि परत यायचा. साधन नवं होतं, पण भीती जुनीच. नवऱ्याने विचारलं नाही. एका दुपारी दोघंही घरी होते. तिनेच त्याला आतल्या खोलीत बोलावलं. आधी नुसतं मांडीवर, मग जेल लावून बाहेरून, हळू. ती आगीची वाट बघत राहिली. आग आली नाही. आपण दात आवळलेले नाहीत हे तिला उशिरा कळलं, तिच्याच आवाजाने. नवरा घाबरला. “दुखलं का?” तिला हसू फुटलं, मग दोघंही हसत सुटले, शेजारी ऐकतील म्हणून एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी ती लवकरच कारखान्यात पोचली. पोटात गोष्ट मावत नव्हती. कोट अडकवला आणि पाय आपोआप वळले ते थेट खोक्यांच्या टेबलापर्यंत. तिथे पोचल्यावर ती थांबली. भट्टीवाली खोक्याला पट्टी लावत होती. तिने वर बघितलं, आणि कातरताईचा चेहरा बघताच तिला कळलं. इतक्या वर्षांची सवय. तिच्या ओठांवर हसू यायला लागलं.

“काय गं?” तिने हळूच विचारलं. “सांग ना.”

“आतल्या खोलीची खोकी कमी पडतायत,” कातरताई म्हणाली. “लवकर पाठव.”