ऑपरेशनपुरतं उतरलेलं वजन

काटा चौऱ्याण्णववर थांबला. विमलबाईंच्या तोंडाकडे न बघताच मी विचारलं, “लग्नंबिग्नं बरीच झाली वाटतं?”

“न्हाई मॅडम,” म्हणत त्या भिंतीला धरून काट्यावरून उतरल्या.

मी लातूरच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. विमलबाई देवणीकडच्या अंगणवाडी सेविका. दोन्ही गुडघे झिजलेले. खाली बसता येईना, पोरं उचलता येईनात. सुपरवायझर सतत राजीनाम्याचं सुचवत होती. गुडघे बदलायचे तर आमच्या सर्जनची अट होती, वजन नव्वदच्या खाली हवं. बाई आल्या तेव्हा अठ्ठ्याण्णव होत्या. माझा चार्ट पाळून त्यांनी ते एकोणनव्वदवर आणलं.

नेमकं तेव्हा दुष्काळामुळे लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. तातडीची सोडून बाकी ऑपरेशनं हॉस्पिटलनं थांबवली. बाईंची तारीख पुढे गेली. पाऊस झाला, ऑपरेशनं सुरू झाली, तोवर बाई चौऱ्याण्णव.

सर्जन म्हणाले, “आता उदगीरचा जिल्हा होईल तेव्हाच तुमचं वजन उतरेल.” ही आमच्याकडची जुनी थट्टा. दर निवडणुकीत तो जिल्हा होतो आणि मग राहून जातो. बाई हसल्या. मीही हसले. बाई चोरून खातात याची मला खात्रीच होती.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाईंसोबत त्यांची सून सुनीता यायची. तिला बाजूला घेऊन म्हटलं, सासूबाई काय काय खातात ते मला गुपचूप फोनवर कळव. सासूची कागाळी करायला कुठलीही सून एका पायावर तयार असते, असं मी धरूनच चालले होते. तिनं मान हलवली. फोन मात्र दर वेळी तोच, “चार्टातलंच खातात मॅडम.” मला वाटलं, सासूला घाबरते.

शेवटी बाईंना ॲडमिट करून घेतलं. जेवण आमच्याच किचनचं, घरचा डबा बंद. आठवड्यानं वजन उतरलं जेमतेम तीनशे ग्रॅम. हिशोबानं किलोभर तरी जायला हवं होतं. काटा तपासला, थायरॉइडचा रिपोर्ट पाहिला. सगळं ठीक.

मग चूक माझ्याच हिशोबात शोधावी लागली. वजन उतरवलेलं शरीर तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसापेक्षा कमी खर्चात चालतं. शिवाय भूक लावणारे हॉर्मोन्स वाढतात, पोट भरल्याचं सांगणारे कमी होतात, आणि हे कधी कधी वर्षानुवर्षं टिकतं. दुष्काळात आपण एका घागरीत घर चालवायला शिकलो, आणि नळ आला की वाट्यासुद्धा भरून ठेवायला लागलो. शरीर तेच करतं. तारीख लांबली त्या काळात भुकेनं रोज घासभर जास्त गेलं असेल, तरी पाच किलो चढायला तेवढं पुरतं; चोरून खावं लागत नाही. ज्या चार्टानं बाईंचे नऊ किलो उतरले, तो आता त्यांना जेमतेम होत्या तिथं ठेवत होता. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. समोरच्या बाईला लावून पाहिलं नव्हतं.

कॉटशेजारी बसून हे सगळं त्यांना सांगितलं.

“म्हंजे मी खोटी न्हाई,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“ते मला ठाऊकच व्हतं. अन् सुनीताला तुम्ही फोन करायला लावलं, ते बी. तिनं त्याच दिवशी एसटीत सांगितलं. ती फोन लावायची तवा मी शेजारीच असायची.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू मॅडम? गुडघे तुमच्या हातात.”

मी उठून सर्जनकडे गेले. म्हटलं, बाईंचं काही चुकलेलं नाही, माझंच चुकलं. शुगर, बीपी ठीक आहे, आहे त्या वजनावरच ऑपरेशन करू. आणखी थांबलो तर वजन चढेलच. ते म्हणाले, “रिस्क वाढली तर?” मी म्हटलं, थांबण्यातही रिस्कच आहे. दोन दिवस कुरकुरले, मग तारीख दिली.

दोन्ही गुडघे झाले. बाई अंगणवाडीत खुर्चीवर बसून काम करतात. वजन आता शहाण्णव आहे. त्यांची माफी मी मागितली. सुनीतापुढे अजून तोंड उघडलेलं नाही.

आता वजन परत चढलेला पेशंट आला की मी आधी माझा चार्ट बदलते. आणि वजन एकदा उतरलं की ऑपरेशनची तारीख त्याच आठवड्यातली मागते.